नकाशावर आम्ही घरीच होतो

निवृत्त झाल्यावर आता काय करायचं, हा प्रश्न मला पडला होता, आमच्या ह्यांना नाही. ह्यांचं आयुष्य कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलं. कुठला नट कुठल्या खणात आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघराची मांडणी बदलली आणि मिठाचा डबा शोधायला मला त्यांनाच हाक मारावी लागली. त्या दिवशी मी सांगितलं, उद्यापासून घराबाहेर काहीतरी शोधा. मी स्वतः प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून मी दमले होते आणि घरात आणखी एक मोठं पोर सांभाळायची माझी तयारी नव्हती.

आमची वाडी अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागते. सुपारी, नारळ, थोडी केळी, मागे विहीर, आणि रस्त्याच्या बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. इथं आता प्रत्येक वाडीत अशा खोल्या आहेत. पाहुणे मांडव्याला बोटीतून उतरतात नाहीतर पुण्याहून गाडी घेऊन येतात, आणि आल्याआल्या पाणी मागायच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतात. म्हणून आमच्याकडे राउटर आला. ह्यांनी तो पडवीच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला आणि त्याला पालीनं त्रास देऊ नये म्हणून वर एक पुठ्ठा लावला.

त्या पाहुण्यांत एकदा पुण्याची एक मुलगी आली. कंपनीचं काम लॅपटॉपवर करायची आणि उरलेल्या वेळात एक हौसेचं काम करायची. जेवताना तिनं ह्यांना ते समजावून सांगितलं. प्रत्येक राउटर सतत आपलं नाव आणि आपला क्रमांक हवेत सांगत असतो. आपण फोन घेऊन फिरलो की फोन ते ऐकतो, आणि आपण त्या वेळी नेमके कुठं आहोत ते उपग्रहांवरून ठरवून त्यासोबत टिपून ठेवतो. जगभरातली हौशी माणसं असं टिपलेलं सगळं एका ठिकाणी जमा करतात. मग पुढं कुणाचा फोन घरात असला, दाट झाडीत असला, जिथं उपग्रहांचा पत्ता लागत नाही अशा जागी असला, तरी आजूबाजूचे राउटर ऐकून तो सांगू शकतो की मी इथं आहे. मोठ्या कंपन्या हे आपापल्यापुरतं करतातच, पण हा नकाशा सगळ्यांचा, कुणीही वापरावा असा, असं तिचं म्हणणं होतं.

"आमच्या बाजूला कुणी केलंय का हे?" ह्यांनी विचारलं.

तिनं फोनवर नकाशा उघडला. मुंबईवर ठिपक्यांची नुसती गर्दी होती. अलिबागच्या बाजारात थोडे ठिपके होते, आणि तिथून खाली मुरुडपर्यंत किनारा कोरा होता. ह्यांचा हात ताटातच राहिला. स्टोअरमध्ये रिकामा खण दिसला की हे असेच बघत असणार, असं मला वाटलं. जाण्यापूर्वी त्या मुलीनं ह्यांच्या फोनवर ते अ‍ॅप टाकून दिलं, आणि ह्यांच्या आग्रहाखातर अशीही सोय करून दिली की जागा सांगताना फोन ह्याच नकाशाला विचारेल.

दुसऱ्या दिवसापासून हे कामाला लागले. मी त्यांच्या सदऱ्यांना फोनच्या मापाचे खिसे शिवून दिले. स्कूटर इतकी हळू चालवायची की मागून सायकलवाले ओरडायचे. गल्लीत शिरायचं, टोकाला क्षणभर थांबायचं, परत फिरायचं. वाडीच्या फाटकाशी स्कूटर उभी करून एक म्हातारा नुसता उभा राहतो आणि निघून जातो, हे बघून चौलमध्ये बातमी पसरली की घरपट्टी वाढणार आहे आणि त्याची मोजणी चालली आहे. दोघा-तिघांनी ह्यांना चहाला बोलावून आपलं घर किती पडकं आहे ते आतून दाखवलं. ह्यांनी चहा घेतला, घर बघितलं आणि त्यांचा राउटर टिपून आले.

रात्रीच्या जेवणाला मग राउटरांच्या नावांच्या गोष्टी असायच्या. एका निवृत्त पोलिसानं आपल्या राउटरचं नाव ठेवलं होतं, कुत्रा चावतो. एका खाणावळीचं होतं, आधी जेवा. दोन भाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले होते, भिंतीला भिंत लागून. थोरल्याच्या राउटरचं नाव होतं, सुखाने राहा. धाकट्याचं, आम्ही सुखातच आहोत. हे सांगताना ह्यांना इतकं हसू यायचं की घास अडकायचा. जन्मभर मोजकं बोललेला माणूस त्या वर्षांत माझ्याशी जितकं बोलला, तितकं आधी कधी बोलला नव्हता. मला ते सुख होतं, आणि ते मी तेव्हाही ओळखलं होतं.

काशीदपर्यंतचा किनारा भरून झाला. मग एक दिवस ह्यांनी पुन्हा रेवदंड्याला जायचं काढलं.

"परत?" मी म्हटलं. "तिथले राउटर काय तुमच्या सोयऱ्यांचे आहेत?"

"अगं, राउटर हलतात. जुने बंद पडतात, नवे येतात. परत करावंच लागतं."

हे खरंच होतं. त्या मुलीनंच तसं सांगितलं होतं, की एकदा टिपलं म्हणजे झालं असं नाही, त्याच रस्त्यानं पुन्हा पुन्हा जायला हवं. म्हणून हे त्याच रस्त्यानं पुन्हा पुन्हा गेले. त्या दोन भावांची गोष्टही पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत, तेवढंच हसून. मला वाटलं, आवडली असेल. दुसऱ्या कुठल्या छंदात कुणाच्याही लक्षात आलं असतं. ह्यांच्या छंदात विसरणं आणि चोख काम करणं दिसायला सारखंच होतं, आणि जवळजवळ वर्षभर ते एकमेकांत लपून राहिलं.

शेवटी चौलच्या एका किराणा दुकानदाराचा फोन आला. काका मघापासून स्कूटरपाशी उभे आहेत आणि घर कुठल्या बाजूला आहे ते विचारतायत, म्हणाला. मी रिक्षा करून गेले. मला बघून हे ओशाळले आणि म्हणाले, स्कूटर बंद पडली. स्कूटर चांगली होती.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. स्कूटरची चावी मी कपाटात टाकली. मुलगा मुंबईजवळ उलव्याला असतो, नोकरी करतो. त्यानं त्याच दिवशी म्हटलं, बाबांना एकटं बाहेर सोडू नकोस. मी म्हटलं, ह्या माणसाला घरात कोंडलं तर तो आजारानं नाही, कोंडल्यानं जाईल. खूप वाद झाला. अखेर तडजोड अशी निघाली की ह्यांच्या फोनचं लोकेशन आम्हा दोघांच्या फोनवर सतत दिसेल, आणि जोवर ते दिसतंय तोवर बाबांनी गावात पायी फिरावं. एवढा एक ठिपका ह्यांच्या आणि बंद फाटकाच्या मध्ये उभा होता, हे मला नीट कळलेलं होतं.

ते दिवस तसे वाईट गेले नाहीत. मी पडवीत वाल सोलत बसायची, फोन मांडीवर. ठिपका देवळापाशी जायचा, तिथं थांबायचा, मग बंदराच्या रस्त्याला लागायचा. फोन ह्यांच्या खिशात आपलं टिपायचं काम करतच असायचा. मला कळायचं, आता कुणीतरी चहाला थांबवलंय, आता हे परत निघालेत. ठिपका फाटकाशी आला की मी चहा टाकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कुठून कुठं जातात हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

मग आगोट आली. पावसाळ्याआधीची आवराआवर, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं आत घ्यायची, पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, मसाले-पापड भरून ठेवायचे. किनाऱ्यावरही आगोट असते. होड्या वर ओढतात, आणि पुळणीवर, म्हणजे काठच्या वाळूत, हिवाळाभर मांडलेल्या टपऱ्या मोडून त्यांचे बांबू, ताडपत्र्या, खुर्च्या, सगळं घरी नेतात. पावसाळ्यात समुद्र थेट टपऱ्यांच्या जागेवर येतो, तिथं काही ठेवून चालत नाही.

श्रावणातली दुपार होती. पाऊस धरून होता, वीज गेलेली. मी विहिरीवर होते तेव्हा मुलाचा फोन आला. तो ऑफिसातून बोलत होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. "आई, बाबा समुद्रात आहेत."

मी लोकेशन बघितलं. ठिपका पुळणीच्या खालच्या टोकाला होता, आणि मला माहीत होतं, भरतीची वेळ आहे, तिथं आता पाणी असणार. मी तशीच ओल्या लुगड्यानं धावले. ओरडायचं भान होतं, म्हणून शेजारच्या वाडीतली माणसं मागं आली. किनाऱ्यावर कोळी मंडळी होती, त्यांनी दोर काढले. जिथं ठिपका होता तिथं पाणी होतं, छातीएवढ्या लाटा, गढूळ. दोन माणसं कमरेला दोर बांधून आत गेली. मी फोन पावसात धरून उभी होते आणि बाजूची माणसं एकदा फोनकडे बघायची, एकदा पाण्याकडे. त्या वेळात मी काय काय विचार केले ते मला लिहायचं नाही.

किनाऱ्यावर हिवाळ्यात भेळ विकणारा आणि पोहायच्या ट्यूब भाड्यानं देणारा एक टपरीवाला आहे. ट्यूब मिळतील म्हणून एकजण त्याच्या घरी पळत गेला, आणि तसाच पळत परत आला. मागून टपरीवालाही डोक्यावर गोणपाट घेऊन आला.

"काकू, काका आमच्या घरी हायेत. मगाधरनं बसलेत. पोहे खाल्ले, आता च्या घेतायत."

मला ते खरं वाटेना. मी त्याच्या घरी गेले. किनाऱ्यापासून चांगलं आत, पाड्यात घर. हे तिथं खाटेवर बसले होते, कोरडे ठणठणीत, बशीत चहा ओतून. आणि टीव्हीच्या शेजारी, खेळण्यातल्या मोटारीच्या बाजूला, सिमकार्डवर चालणारा एक छोटा राउटर होता. दिवा लुकलुकत होता.

"ह्यो टपरीवरचा," टपरीवाला म्हणाला. "आगोटीला सगला सामान घरी आनला, त्यात ह्यो पन आनला. तिथं ठेवून काय करू, कुजून जाल ना. वीज न्हाय तरी ह्यो चालतो." माझ्याकडे बघून तो घाबरला होता. "माझा काय चुकला का काकू?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पावसाआधी वस्तू घरी न्यायची, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. काय झालं ते त्या खोलीत सगळ्यात आधी ह्यांना कळलं. त्यांनी राउटरकडे बघितलं, माझ्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "हा हलवला होय. ह्याला मी हिवाळ्यात पुळणीवर टिपलाय. आता इथं पुन्हा टिपायला पाहिजे." एवढं अचूक बोलून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, आपण ह्यांच्याकडे कशाला आलोय.

गावानं ती गोष्ट हसण्यावारी नेली. काका पोहे खातायत आणि अख्खं गाव समुद्रात, असं आठवडाभर चाललं. मलाही हसू आलं असतं. पण मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि पडवीत बसून लहानपणी रडायचा तसा रडला. "आई, ऑफिसमधून निघेपर्यंत माझं बाबांचं सगळं करून झालं होतं मनात," तो म्हणाला.

"चूक राउटरची होती," मी म्हटलं. "ह्यांची नव्हती."

"पुढच्या वेळी राउटरची चूक नसली तर?"

मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे, पण तो चुकीचं बोलत होता असं मी म्हणणार नाही. मी एवढंच मागून घेतलं की गणपती वाडीत होऊ देत. गणपती झाले. विसर्जनाला हे नेहमीसारखे पाण्यात गुडघाभर उतरले, मुलानं त्यांचा दंड धरला होता. मग आम्ही निघालो. वाडी बघायला शेजारचा गडी ठेवला. निघताना मी घरभर फिरले आणि गाद्या गुंडाळल्या, पितळेची भांडी माळ्यावर टाकली. पडवीतला राउटर बघितला. बंद घरात त्याला बुरशी येणार, मुंग्या शिरणार. मी तो खिळ्यावरून काढला, पिशवीत टाकला आणि बरोबर घेतला. मुलगा म्हणाला, आई, तिकडे आहे की. मी म्हटलं, असू दे, घरची वस्तू आहे.

उलव्याला मुलाची इमारत नवी. आमच्या बाजूचे बरेचसे फ्लॅट अजून रिकामेच होते, खिडक्यांना कागद चिकटवलेले. आम्हाला मागची खोली दिली. तिथं मुलाच्या वायफायचा जोर पोचेना, म्हणून त्यानं वायर ओढून आमचाच राउटर त्या खोलीत लावून दिला. कुणाच्या मनात त्यात काही नव्हतं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. हे सकाळी उठायचे, दाराकडे जायचे, दार पडवीत उघडायचं नाही, लिफ्टसमोर उघडायचं. मग घामाघूम व्हायचे. मला म्हणायचे, अगं, आपण घरी कधी जायचं, पाहुणचार पुरे झाला. सूनबाई जीव लावून करत होती, तिच्यासमोर असं बोलले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एका दुपारी ह्यांनी सवयीनं फोन काढला आणि नकाशा उघडला. बराच वेळ बघत राहिले.

"हे बघ," म्हणाले.

निळा ठिपका आमच्या वाडीत होता. रस्ता, फाटक, विहीर, आणि बरोबर पडवीच्या जागी ठिपका. आजूबाजूला रिकामे फ्लॅट, कुणाचा दुसरा राउटर फोनला ऐकू येत नव्हता. एकच ओळखीचा आवाज येत होता, आणि त्याच्यापुढं नकाशात ह्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं होतं की हा अमुक ठिकाणी असतो.

"घरीच आहोत की आपण," हे म्हणाले. त्यांच्या खांद्यातला ताण उतरलेला मी डोळ्यांनी बघितला. ते उशीला टेकले आणि झोपले.

मी फोन त्यांच्या हातातून काढून उशाशी ठेवला. संध्याकाळी मुलाला सांगितलं, तेव्हा तो आधी हसला. त्याच्याही फोनवर बाबा वाडीत दिसत होते आणि बाबा त्याच्यासमोर बसून वरणभात जेवत होते. मग तो गंभीर झाला. बाबांना खोटं सांगणं बरोबर नाही, आपण त्यांना हळूहळू खरं समजावलं पाहिजे, असं त्याचं मत. मी म्हटलं, मी कुठं काय सांगितलं? फोन सांगतोय. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्या माणसाचं एकेक करून सगळं जातंय, त्याला घर राहिलं तर कुणाचं काय बिघडलं.

खिडकीत गेलं की मात्र फोनला उपग्रह सापडायचे आणि ठिपका उडून उलव्यात यायचा. म्हणून मी जाड पडदा लावला आणि त्यांची खुर्ची आतल्या भिंतीशी ठेवली. दिवसातून पाच-सहा वेळा हे नकाशा बघायचे. घरी आहोत, म्हणायचे, आणि मग त्या खोलीत वाडीसारखं काही नसलं तरी त्यांचं भागायचं. पडद्याकडे बोट दाखवून विचारायचे, पाऊस आहे का? मी म्हणायची, आहे, झापं बांधलीत. कधी मला वाटायचं, त्या खोलीत आम्ही दोघं खरंच पडवीत बसलोय. अशा वेळी ते त्या दोन भावांची गोष्ट सांगायचे आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची, आणि ते हसू खोटं नसायचं.

दिवाळीनंतर मुलानं त्यांना सकाळी खाली फिरवायला सुरुवात केली. इमारतीभोवती छोटी बाग आहे, तिथं फेऱ्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ते गरजेचंही होतं. मी सदरा काढून द्यायची, हे फोन खिशात टाकायचे. परत आले की गाल लाल झालेले असायचे आणि भूक लागलेली असायची. मला बरं वाटायचं.

डिसेंबरातली सकाळ. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, सूनबाई-मुलगा कामावर गेले होते. सहज माझ्या फोनवर बघितलं, तर ह्यांचा ठिपका उलव्यात. मला वाटलं, खिडकीत गेले असतील. जाऊन बघितलं तर भिंतीशी खुर्चीत डुलक्या घेत होते, पडदा बंद. मी परत येऊन त्या पुण्याच्या मुलीला फोन लावला. तिनं तिच्या संगणकावर बघितलं.

"काकू, तुमचा राउटर नकाशात हललाय. आता उलव्यात दिसतोय."

"कुणी हलवला?"

"काकांनीच," ती म्हणाली. "त्यांचं अ‍ॅप अजून चालू आहे. खाली फिरताना उघड्यावर उपग्रह मिळतात आणि वरून तुमचा राउटरही ऐकू येतो. ते रोज टिपलं जात होतं आणि घरी आल्यावर आपोआप जमा होत होतं. बऱ्याच दिवसांच्या नोंदी झाल्या की जुनी जागा चूक धरतात आणि नवी घेतात." मग म्हणाली, "काकू, नियमात बसत नाही, पण मी जुनी जागा परत घालून बघू का?"

मी हो म्हणणार होते. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, तेवढ्यात हे दारात आले. चष्मा लावलेला, फोन हातात. मी तिला नंतर बोलते म्हटलं.

"हे उलवं दाखवतंय," हे म्हणाले.

"हो."

"बरोबर आहे का हे?"

फोन बिघडलाय, असं मी सहज म्हणू शकले असते. पण समोर उभा माणूस तो होता, ज्यानं जन्मभर कुठली वस्तू चुकीच्या खणात राहू दिली नाही. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, कामावर असायचा तसा. मला खोटं बोलवेना.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, खाली बांधकामाच्या क्रेन आणि त्यापलीकडची तिवरांची झाडी बघितली. "म्हणजे मी उलव्याला आहे," म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या नजरेत आदर होता, परक्या घरातल्या बाईला द्यावा तसा. "मग ती घरी एकटीच असणार हो."

"कोण?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"आमची मंडळी. मी असा न सांगता इकडे आलो, ती जेवणाची थांबली असेल. सुपारी उतरवायचे दिवस आहेत, गडीमाणसं येणार, सगळं तिच्यावर पडलं असेल." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "मला हे आता नीट जमत नाही. तुम्ही जरा तिला लावून द्याल का? नंबर पाठ आहे मला."

त्यांनी नंबर सांगितला. तो माझा होता आणि एकही आकडा चुकला नाही. मी तो त्यांच्या फोनवर लावला, फोन त्यांच्या हातात दिला, ओट्यावरचा माझा फोन वाजायच्या आत उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तिथं हातातच तो वाजला. मला रडू फुटत होतं. मी पदर तोंडावर दाबून धरला, मग काढला, आणि हॅलो म्हटलं.

"अगं, मी आहे," ह्यांचा आवाज आला, फोनमधून एकदा आणि दाराआडून एकदा. "मी उलव्याला आहे. काळजी करू नको, माणसं चांगली आहेत इथली."

"बरं," मी म्हटलं. "जेवलात का?"

"जेवेन. इथं एक बाई पोळ्या करतायत. तू माझी वाट बघू नको, जेवून घे."

"कधी येणार तुम्ही?"

"ते काही सांगता येत नाही गं," म्हणाले. "तू फाटक लावून घेत जा."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.